घरच्या आईस्क्रीममध्ये परत परत खडे होतायत? आधी खडा कुठला ते बघा

मागच्याच्या मागच्या अक्षय्य तृतीयेला मामा जेवायला आले होते. पुरणपोळी, आमरस सगळं झाल्यावर मी मोठ्या तोऱ्यात फ्रीजरमधनं आंब्याचं आईस्क्रीम काढलं, पाच दिवस आधी केलेलं, आणि पहिल्याच चमच्याला कर्रर्र असा आवाज आला. मामांनी घास तोंडात टाकला, दोनदा चावला (आईस्क्रीम कोण चावतं का कधी?) आणि म्हणाले, "गोळा झकास झालाय रे, वरनं जरा काला खट्टा टाक की." सगळे हसले, मीपण हसलो, पण ते डोक्यात जे बसलं ते बसलंच.

राग कशाचा आला, तर हेच आईस्क्रीम केल्याच्या दुसऱ्या दिवशी चाखलं तेव्हा मऊ होतं. रेसिपी तीच, दूध तेच, डबा तोच. मग पाच दिवसात आत झालं काय?

मी हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो, त्यामुळे वही ठेवायची खोड आहे. त्यानंतर जेवढ्या वेळा आईस्क्रीम केलं तेवढ्या वेळा दूध किती, साखर किती, कधी ठेवलं, कधी काढलं, कसं लागलं, सगळं लिहीत गेलो. आमची ही म्हणते एवढा हिशेब घरखर्चाचा ठेवला असता तर आत्तापर्यंत फ्लॅटचा हप्ता फिटला असता. असो. तर त्या वहीतनं जे निघालं ते सांगतो, कारण वहिनी असोत, दुकानातली पोरं असोत की वरच्या मजल्यावरच्या काकू, प्रश्न सगळ्यांचा एकच, "खडे का होतात?" आणि उत्तरपण सगळ्यांना एकच मिळतं, "क्रीम वाढवा." क्रीम वाढवून मी बघितलंय. खडे होते तसेच राहिले आणि वरनं टाळूला तूप थापल्यासारखं झालं ते वेगळंच.

पहिली गोष्ट म्हणजे खडा हा एका जातीचा नसतो. एक चमचा आईस्क्रीम जिभेवर ठेवा, चावू नका, गप दहा सेकंद थांबा. खडा विरघळून पाणी झालं तर तो बर्फ. विरघळायचं नाव घेत नाही, आईस्क्रीम गिळून झालं तरी जिभेवर बारीक रेती राहिल्यासारखं वाटतंय, तर तो बर्फ नाही, ती दुधातली साखर आहे, लॅक्टोज. आणि कण दाबला की मेणासारखा पसरतोय, टाळू चिकट होतोय, तर ते लोणी आहे. तरी शंका असेल तर वितळलेलं थेंबभर चिमटीत घेऊन चोळा, बर्फ तोवर गेलेला असतो, लॅक्टोज खरखरतं आणि लोणी बुळबुळतं. हे तिन्ही लोक "खडे" या एकाच नावानं सांगतात आणि तिघांचा इलाज एकमेकांच्या उलटा आहे, त्यामुळे हे न बघता रेसिपी बदलत बसलात तर माझ्यासारखं वर्ष जाईल.

बहुतेकांचा बर्फच असतो, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलतो.

बर्फाचे खडे दोन वेळेला होतात. एकदा आईस्क्रीम पहिल्यांदा गोठताना, आणि एकदा नंतर फ्रीजरमध्ये पडून राहिल्यावर. ही दोन दुखणी वेगळी आहेत. ओळखायचं कसं, तर केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक चमचा खाऊन बघा आणि परत पाच-सहा दिवसांनी खाऊन बघा, दोन्ही वेळेला लिहून ठेवा, कारण आपली जीभ फार खोटारडी असते, स्वतः केलेलं आहे म्हटल्यावर तिला सगळं गोडच लागतं. दुसऱ्याच दिवशी खडे असतील तर चूक मिश्रणात नाहीतर गोठवण्यात. दुसऱ्या दिवशी मऊ आणि आठवड्यानं खडे असतील तर मिश्रणाला शिव्या घालू नका, ते बिचारं बरोबर होतं, गोंधळ साठवण्याचा आहे. माझा तोच होता आणि मी उगीच दूध आटवण्यावर आटवत बसलो होतो.

मला हे कळलं ते आजोबांच्या पॉटमुळे. सांगलीच्या गावभागात, म्हणजे जुन्या वस्तीत, आजोबांचं घर होतं, तिथं मे महिन्यात सगळी भावंडं जमली की पॉट निघायचा. लाकडी पिंप, आत पत्र्याचा उंच डबा, त्यात लाकडी पाती, वर हँडल. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरेजवरनं यायची, ती बत्त्यानं फोडायची, डबा आणि पिंपाच्या मध्ये एक थर बर्फ एक थर खडेमीठ असं भरायचं आणि मग पाळीपाळीनं हँडल मारायचं. आत काय असायचं, तर दूध, साखर, थोडा कॉर्नफ्लॉवर, आमरस. क्रीम नाही, पावडर नाही, काही नाही. आणि तरी त्यात एक खडा नसायचा. माझी तक्रार ऐकून आत्या म्हणाली होती, "तेव्हाच्या दुधात दम होता." मी पण बरेच दिवस तेच धरून चाललो. पण दुधात दम होता म्हणून नव्हे, तर तिथं खड्याला वाढायला वेळच मिळत नव्हता.

बघा, साधा बर्फ वितळताना शून्यावर असतो, आणि आपलं गोड दूध शून्याला गोठत नाही, साखरेमुळे त्याला शून्याच्या खाली दोन-तीन डिग्री लागतात आणि घट्ट व्हायला त्याच्याही बरंच खाली जावं लागतं. बर्फात मीठ पडलं की बर्फ शून्याच्या खालीच वितळायला लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या डब्यातनं ओढून घेतो. मीठ आणि बर्फाचं प्रमाण अगदी नेमकं जुळलं तर हे मिश्रण उणे २१ पर्यंत जाऊ शकतं, आपल्याला पिंपात उणे १०-१२ मिळालं तरी लई झालं. वर पत्र्याचा डबा, म्हणजे थंडी झटकन आत, आणि पाती सारखी फिरतेत, म्हणजे कडेला बर्फाचा पापुद्रा धरला रे धरला की खरवडला जातो. पाऊण तासात काम तमाम. लवकर गोठलं की बर्फाचे कण पुष्कळ पण बारीक होतात, सावकाश गोठलं की थोडे पण मोठे. साधारण ५० मायक्रॉनच्या पुढं कण गेला की जिभेला तो कळायला लागतो, म्हणजे एखाद्या बारीक केसाच्या जाडीएवढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते आईस्क्रीम तिथंच वाटीत घेऊन दहा मिनिटात फस्त व्हायचं. साठवणूक हा प्रकारच नव्हता. आम्ही तुलना करतोय ती पॉटातनं काढून लगेच खाल्लेल्याची आणि सहा दिवस फ्रीजरमध्ये पडलेल्याची.

(एकदा पिंपाचं भोक चोंदलं होतं, मिठाचं पाणी चढून झाकणावरनं आत गेलं आणि अख्खा डबा खारट झाला. आजोबांनी काही न बोलता वाटीभर खाल्लं. पॉट करणार असाल तर ते भोक आधी बघा आणि खारं पाणी झाकणाच्या दोन बोटं खालीच राहू द्या.)

आता मिश्रणाचं. दूध म्हणजे मुळात पाणी आहे, हे डोक्यात पक्कं ठेवा. म्हशीच्या दुधात साधारण ८३ टक्के पाणी, गाईच्या ८७ च्या आसपास. गोठतं ते पाणी, खडे होतात ते पाण्याचे. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याच्या) नियमानं नुसतं 'आईस्क्रीम' असं नाव लावायला कमीत कमी १० टक्के दुधाचा फॅट आणि सगळा मिळून ३६ टक्के घन भाग लागतो. बरोबर तेवढंच घरी साधलं पाहिजे असं नाही, पण हिशेबाला एक खुंटी मिळते. मी वहीत मांडलेला हिशेब असा आहे, एक लिटर म्हशीचं ७ टक्के फॅटचं दूध, ते जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत ढवळत ७०० ग्रॅमवर आणायचं (पातेलं आधी रिकामं वजन करून ठेवा, अंदाजानं "जरा आटलं" म्हणू नका, आटलेलं दूध डोळ्याला फसवतं), त्यात १४० ग्रॅम साखर, सपाट मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर गार दुधात कालवून घालून नीट शिजवायचा, आणि पूर्ण गार झाल्यावर २०० ग्रॅम फ्रेश क्रीम, ते २५ टक्के फॅटचं बाजारात मिळतं तेच. हे सगळं मिळून घन भाग ३५-३६ टक्क्यावर जातो आणि फॅट ११ च्या आसपास. गाईचं पिशवीतलं दूध घेतलं तर एवढ्यावर भागत नाही, अजून आटवावं लागतं. आणि दूध सुटं घेत असाल तर ते रोज सारखं असेल हे धरून चालू नका. आमच्याकडे पावसाळ्यात तेच दूध तेवढंच आटवून पण पातळ राहायचं, त्याचं कारण मी लिहीत नाही, तुम्हाला कळलं असेलच.

नरसोबाच्या वाडीला दत्ताला जाऊन येताना बासुंदी आणायची हा आमचा नेम. एकदा उरलेली अर्धा किलो बासुंदी मी तशीच डब्यात गोठवली, काही न घालता, आणि ती माझ्या त्या महिन्याच्या सगळ्या आईस्क्रीमपेक्षा मऊ निघाली. तेव्हा पाणी कमी करण्याचं महत्त्व पटलं. फक्त ती इतकी गोड होती की दोन चमच्याच्या पुढं जाता येईना.

आईस्क्रीम घट्ट आणि एकजीव राहावं म्हणून घालायच्या सीएमसी आणि जीएमएस या पावडरी बेकरीच्या सामानाच्या दुकानात सुट्या मिळतात, पुष्कळ जणी वापरतात आणि त्यात वाईट काही नाही. सीएमसी पाणी धरून ठेवतं म्हणून खडे वाढायला अडथळा होतो. पण ते नुसतं दुधात टाकलं की गुठळ्या होऊन तरंगतं, आधी कोरड्या साखरेत चांगलं मिसळायचं आणि मग दुधात. एक किलो मिश्रणाला पाव चमचा, फार तर अर्धा. वहिनींनी एकदा दोन चमचे घातलं होतं, ते आईस्क्रीम चमच्याबरोबर तार धरून ताटापर्यंत येत होतं. जीएमएस मात्र गरम दुधातच विरघळतं, गार मिश्रणात टाकून उपयोग नाही. कॉर्नफ्लॉवर आहे तोवर मला या दोन्हीची फारशी गरज वाटत नाही, पण आठवडाभर ठेवायचं असेल तर सीएमसीनं फरक पडतो, हे वहीत दिसतंय.

मिश्रण झालं की लगेच फ्रीजरमध्ये कोंबू नका. रात्रभर खाली फ्रीजमध्ये राहू द्या. एक तर फॅट आणि दुधातली प्रथिनं जरा स्थिर होतात, आणि दुसरं म्हणजे सांगलीत एप्रिलमध्ये स्वयंपाकघरच चाळीसच्या घरात असतं, तिथलं कोमट मिश्रण फ्रीजरमध्ये गेलं की त्याला गोठायला सात-आठ तास लागतात आणि तेवढ्या वेळात मोठे मोठे खडे आरामात तयार होतात. गारढोण मिश्रण, पसरट ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा डबा, जेमतेम दोन बोटं थर, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. प्लॅस्टिकचा खोल डबा सगळ्यात वाईट, त्यातनं थंडी आत जातच नाही. आदल्या रात्री फ्रीजरचं बटण सगळ्यात जोरात करून ठेवा. मग कडा धरल्या आणि मध्ये अजून लगदा आहे अशा वेळी बाहेर काढून बीटरनं फेटा, परत ठेवा, परत तासा-दीड तासानं फेटा. तीन वेळा. बीटर नसेल तर मिक्सर चालतो, पण भांडं आधी फ्रीजरमध्ये ठेवलेलं हवं आणि एका वेळी पंधरा-वीस सेकंद, नाहीतर मिक्सरच्या गरमीनं ते परत दूध होतं. आणि पूर्ण दगड झाल्यावर फेटायला जाऊ नका, माझं एक बीटरचं पातं तसंच वाकलंय.

इथपर्यंत सगळं मी बरोबर करत होतो तरी मामांच्या समोर फजिती झाली. का, तर आमचा फ्रीज.

आमचा डबल डोअर आहे, फ्रॉस्ट फ्री. बर्फ खरवडायला लागत नाही म्हणून कौतुकानं घेतला. पण बर्फ साठत नाही याचा अर्थ तो फ्रीज दिवसातनं एक-दोनदा स्वतःच्या आतल्या कॉइलला हीटरनं गरम करून तिथला बर्फ वितळवतो. तेवढ्यापुरती फ्रीजरमधली हवा गरम होते. मी एक साधा थर्मामीटर आत ठेवून दोन दिवस टेहळणी केली, एरवी उणे १७-१८ दाखवणारा काटा एका पहाटे उणे ९ वर होता आणि दार कुणी उघडलेलं नव्हतं. आता आईस्क्रीममध्ये काय होतं, तापमान वर गेलं की बारीक बारीक खडे आधी वितळतात, परत खाली आलं की ते पाणी नवीन बारीक खडे करत नाही, शिल्लक राहिलेल्या मोठ्या खड्यावर जाऊन बसतं. मोठा अजून मोठा. रोज थोडं थोडं. पाच दिवसांनी कर्रर्र. अडतीच्या धंद्यातपण असंच चालतं म्हणा, पण ते राहू द्या.

त्यात दार उघडणं आलं. आमच्याकडं पोरं बर्फाच्या ट्रेसाठी दिवसात वीस वेळा फ्रीजर उघडतात. त्यात आठवड्यातनं एक दिवस दुरुस्तीसाठी लाईट जाते, सकाळी गेलेली दुपारी येते. माझ्या वहीत खडे झालेले बहुतेक डबे असे निघाले ज्यांनी तो एक दिवस बघितला होता.

यावर उपाय म्हणजे फ्रीज बदलणं नाही. मी केलं ते असं, औषधाच्या दुकानातनं एक छोटा थर्माकोलचा खोका मागून आणला, फ्रीजरच्या तळाला मागच्या बाजूला बसेल असा, दारापासनं आणि हवा येते त्या जाळीपासनं लांब. आईस्क्रीम आधी उघड्यावर नीट कडक होऊ द्यायचं, पूर्ण एक रात्र, आणि मगच डबा त्या खोक्यात टाकायचा. आधीच खोक्यात ठेवलं तर उलटं होतं, थर्माकोल थंडी आत जाऊ देत नाही आणि गोठायलाच दोन दिवस लागतात (हे पण केलंय). खोक्यात डब्याच्या शेजारी मिठाच्या पाण्याच्या दोन बाटल्या.

ही बाटलीची गंमत मला पॉटवरनं सुचली. लोक लाईट जाते म्हणून फ्रीजरमध्ये साध्या पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवतात. भाजीला, दुधाला ते बरोबर आहे, पण साधा बर्फ वितळायला लागतो तोच मुळी शून्यावर, आणि शून्यावर तुमचं आईस्क्रीम कधीच खीर झालेलं असतं. म्हणजे बाटली मदतीला येते ती मयत झाल्यावर. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ घातलं तर ते पाणी उणे ६ च्या आसपास गोठायला सुरुवात होते आणि खाली जाईल तसं हळूहळू गोठत जातं. तापमान चढायला लागलं की तेच उलट्या क्रमानं वितळतं आणि शून्याच्या कितीतरी खालीच थंडी सोडत राहतं. बाटली पाऊणच भरा, नाहीतर फुगून फुटते, आणि वर "खारं पाणी" असं लिहा. आमच्या धाकट्यानं एकदा घोटभर घेतलं होतं.

अजून एक, डब्यात आईस्क्रीम आणि झाकणाच्या मध्ये मोकळी जागा राहिली की तिथं वरच्या थरावर हिमासारखी भुरभुर धरते. बटर पेपर किंवा प्लॅस्टिक आईस्क्रीमच्या अंगालाच चिकटवून दाबायचं, मग झाकण. आणि एका मोठ्या डब्यापेक्षा चार छोटे डबे बरे, एक काढला की बाकीचे तिघं झोपलेले राहतात.

एवढ्या उपायानंतर मी आठ दिवसांचं आईस्क्रीम खाल्लंय, मऊ होतं. पंधरा दिवसांचं पण खाल्लं, तिथं खडे लागायला लागतात. त्याच्या पुढं मला जमलेलं नाही आणि घरात उरतपण नाही.

आता रेती. ही दूध पावडरवाल्यांची आणि कंडेन्स्ड मिल्कवाल्यांची तक्रार. दूध आटवलं की त्यातलं लॅक्टोज दाट होतं. वरनं दूध पावडर घातली की अजून दाट, कारण पावडरीचा बराच मोठा भाग लॅक्टोजच असतं. हे लॅक्टोज साध्या साखरेसारखं पाण्यात आरामात राहत नाही, जास्त झालं की त्याचे स्वतःचे कडक स्फटिक होतात आणि ते जिभेवर लवकर विरघळत नाहीत. म्हणजे एक तर दूध आटवा, नाहीतर पावडर घाला. दोन्ही नको. मी खड्यांवर उपाय म्हणून सातशेवर आटवलेल्या दुधात सहा चमचे पावडर घातली, पहिले दोन दिवस रबडीसारखं सुंदर आणि चौथ्या दिवशी कृष्णेच्या घाटावरची वाळू. तेव्हा मला वाटलं बर्फच आहे, म्हणून पुढच्या वेळेला अजून पावडर. यासाठीच म्हणतोय, आधी जिभेवर ठेवून बघा.

सीताफळवाल्यांनी जरा थांबा. सीताफळाच्या गरात सालीजवळ मुळातच कणी असते, फळ ताजं खाताना पण दाताला लागते. ती बर्फ नाही, रेती नाही, ती फळाची आहे, सालीजवळचा गर सोडून मधला घ्या आणि चाळणीवर घासा. आणि सीताफळ शिजवू नका, कडू होतं.

लोण्याचं कारण बहुतेक वेळा गरमी किंवा हौस. क्रीम फेटत फेटत गेलं की एका क्षणाला त्याचं लोणी सुटतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तो क्षण फार लवकर येतो. भांडं, पाती, क्रीम तिन्ही गार हवं आणि टोक वाकायला लागलं की हात आवरा. घरची साय घालायची असेल तर ती गार मिश्रणात ढवळून घालू नका, गुठळ्या राहतात आणि त्याच पुढं मेणकट लागतात. गरम दुधात साय घालून रवीनं नाहीतर मिक्सरनं एकजीव करा, गाळून घ्या.

दगडासारखं कडक होतंय ही तक्रार खड्यांची नाही, तरी सांगतो. सासऱ्यांना शुगर आहे म्हणून ही एकदा साखर निम्मी करून गोडीसाठी शुगर फ्रीच्या गोळ्या घालत होती. चव आली, पण सुरी आत जाईना. साखर नुसती गोडीला नसते, ती पाणी गोठू देत नाही, तिच्यामुळं आईस्क्रीम चमच्यानं निघतं. गोळीत गोडी आहे पण ते काम करण्याएवढं वजनच नाही. दुसरं कारण हवा. बाजारच्या आईस्क्रीमचं एक लिटर वजनाला ५२५ ग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे जवळजवळ निम्मी हवा. आपल्या घरच्यात हवा कमी, म्हणून ते जड आणि कडक असणारच. खायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं खालच्या फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ओट्यावर नको, कडा वितळतात आणि मध्य दगडच राहतो, आणि मग ती वितळलेली कड परत गोठवली की झालेच खडे.

फळांचं थोडक्यात. फळ म्हणजे परत पाणीच. हापूसचा रस साखर घालून नॉनस्टिक भांड्यात जरा आटवा, गार करा आणि गार दुधातच घाला, गरम दुधात दूध फाटायची भीती. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर आंबटपण आहे आणि पाणीदारपण, तिचा साखर घालून जॅमच्या अलीकडचा पाक करा. कच्चे तुकडे टाकले तर ते फ्रीजरमध्ये खडीसारखे होतात. द्राक्षं आमच्या तासगाव भागात एवढी पिकतात म्हणून मोह होतो, मी घातली होती, प्रत्येक द्राक्ष एकेक गोटी. त्यापेक्षा त्याच द्राक्षाचे बेदाणे घ्या, कोमट साखरपाण्यात तासभर भिजवून निथळून घाला, त्यांची स्वतःची साखर एवढी असते की उणे अठराला पण ते मऊ राहतात. आमच्याकडं सध्या हेच चालू आहे, बासुंदी-बेदाणा.

आजोबांचं लाकडी पिंप २०१९ च्या पुरात गेलं. चिखल उपसताना आतला पत्र्याचा डबा आणि पाती तेवढी सापडली, ती चिंच लावून घासून ठेवलीत. यंदा मामा येणार आहेत तेव्हा प्लॅस्टिकच्या मोठ्या बादलीला खाली भोक पाडून त्यात तो डबा बसवायचा विचार आहे, बादलीला बाहेरनं गोणपाट गुंडाळून. हँडलची खालची पकड गंजून गेलीय, लोहाराकडं दिलीय करायला. त्यानं गुरुवारी देतो म्हणून सांगितलंय, कुठल्या गुरुवारी ते सांगितलेलं नाही.